तिकीट काढून आलेली मंडळी

गावोगाव दौरे करणारा ख्रिस्ती पॉप बँड हा अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट समाजाने गेल्या साठेक वर्षांत घडवलेला प्रकार आहे. गिटार, ड्रम, कीबोर्ड, रंगीत झोत, छाती हादरवणारे स्पीकर हे सगळे इतर कुठल्याही पॉप बँडसारखेच. वेगळे असते ते गाण्यामागचे प्रयोजन. हे गायक स्वतःला कलावंत म्हणवतात तितक्याच सहजपणे देवाचे सेवक म्हणवतात, आणि वर्षातले कित्येक महिने फिरून जे करतात त्याला सेवाकार्य म्हणतात. समोर बसलेल्यांनी मात्र तिकीट काढलेले असते. देवाची कृपा फुकट मिळते असे सांगणाऱ्या सभेच्या दारावर पैसे घ्यावेत का, आणि पैसे मोजून येणारे हे लोक असतात तरी कोण, या दोन प्रश्नांनी या प्रकाराचा जन्मापासून पिच्छा पुरवला आहे. त्याचा इतिहास बव्हंशी या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचाच इतिहास आहे.

दौऱ्यातल्या एका दिवसाचा क्रम साधारण ठरलेला असतो. रात्रभर चाललेली बस सकाळी पुढच्या गावात पोहोचते. गायक, वादक आणि तंत्रज्ञ बसमधल्या एकावर एक रचलेल्या बर्थवर झोपून आलेले असतात. सामानाचे ट्रक उतरवायला रोजंदारीची माणसे असतात, आणि त्यांच्या जोडीला स्थानिक चर्चमधून आलेले स्वयंसेवक. दुपारी साउंडचेक होतो. ज्यांनी जास्तीचे पैसे भरले आहेत त्यांना त्या वेळी आत बसू देतात; मग प्रश्नोत्तरे, फोटो, क्वचित गायकाबरोबर प्रार्थनाही. संध्याकाळी आधी एखाददुसरा नवखा गायक आणि मग मुख्य बँड. दोन गाण्यांच्या मध्ये गायक साक्ष देतो, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सांगतो : वडिलांचे आजारपण, दारूची सवय, मोडता मोडता सावरलेला संसार. ही साक्ष दर रात्री जवळपास त्याच शब्दांत, त्याच जागी थांबून दिली जाते. तरीही ती खोटी असते असे नाही. आपल्याकडच्या कीर्तनकाराचे आख्यानही शंभराव्या वेळी तेच असते आणि ऐकणारा तरी रडतोच. कार्यक्रमाच्या मध्यावर दिवे लागतात, गरीब देशांतल्या मुलांना मदत करण्याचे आवाहन होते. शेवटच्या भागात गायक स्वतः कमी गातो आणि लोकांना गायला लावतो. मग डोळे मिटायला सांगतात. ज्यांना आज येशूचा स्वीकार करायचा आहे त्यांनी हात वर करावा किंवा पुढे यावे. दाराबाहेर टी-शर्ट, सीडी आणि पुस्तकांचे टेबल मांडलेले असते, आणि दौऱ्याचा खर्च भरून काढण्यात त्या टेबलाचा वाटा मोठा असतो.

यातली बहुतेक अंगे जुनी आहेत. अमेरिकन धर्मोपदेशक ड्वाइट मूडी आणि त्याचा गायक-सहकारी आयरा सँकी हे १८७३ ते १८७५ या काळात ब्रिटनभर फिरले. मूडी प्रवचन करी आणि सँकी पायपेटीवर बसून साध्या चालींची गाणी म्हणे. स्कॉटलंडमध्ये देवळात वाद्य वाजवणेच अनेकांना पाप वाटत होते. तिथे केवळ बायबलमधली स्तोत्रे आणि तीही वाद्याविना गाण्याची रीत होती. सँकीच्या पेटीवरून कुरबूर झाली, पण गर्दी वाढतच गेली. त्यांच्या गीतसंग्रहाचा खप प्रचंड झाला, तसा पैशाचा प्रश्नही आला. दोघांनी त्या उत्पन्नाला हात न लावता ते विश्वस्तांकडे सोपवले. शिकागोच्या आगीत जळालेल्या मूडीच्या चर्चची नवी इमारत आणि पुढे नॉर्थफील्डच्या शाळा यांना तो पैसा गेला. गाणाऱ्या प्रचारकाने स्वतःला पैशापासून जाहीरपणे दूर ठेवावे, हा पायंडा इथे पडला. पुढच्या शतकात तो पाळणारे थोडे निघाले, पण त्याची आठवण करून देणारे मात्र कधीच कमी पडले नाहीत.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम बूथच्या मुक्तिफौजेने (साल्व्हेशन आर्मीने) रस्त्यावरचे संगीत हाती घेतले. १८७८ साली सॅलिसबरी गावातला फ्राय नावाचा बाप आणि त्याचे तीन मुलगे पितळी वाद्ये घेऊन फौजेच्या सभांना उभे राहिले, त्यातून तिच्या बँडची परंपरा निघाली. हीच मुक्तिफौज सप्टेंबर १८८२मध्ये मुंबईत उतरली. सनदी नोकरी सोडून आलेला फ्रेडरिक टकर आणि त्याचे तीन साथीदार एवढीच ती फौज. वाजतगाजत मिरवणूक काढल्याने दंगा होईल या धास्तीने इंग्रज सरकारने आपल्याच देशबांधवांना अटक केली, आणि त्यांच्या बाजूने केशवचंद्र सेन यांच्यासारखे ब्राह्मसमाजी पुढारी बोलले. मराठी ख्रिस्ती समाजाने मात्र पितळी बँडपेक्षा आपल्या ओळखीचे साधन पसंत केले. अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तन रुजले आणि नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) त्यासाठी अभंग आणि पदे रचली. कीर्तनासाठी घेतल्या जाणाऱ्या बिदागीचा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. जिथे कीर्तन करायचे तिथे अन्नही घेऊ नये हा वारकऱ्यांचा दंडक, आणि नामांकित कीर्तनकारांच्या तारखांचे आजचे भाव, या दोन टोकांमध्ये जी ओढाताण आहे तीच अमेरिकेत इलेक्ट्रिक गिटारच्या गजरात झाली.

तिथली सुरुवात दक्षिण कॅलिफोर्नियात झाली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हिप्पी तरुणांपैकी काही जण अमली पदार्थ आणि पौर्वात्य गुरूंच्या वाटेने फिरून येशूकडे वळले. कोस्टा मेसा इथल्या कॅल्व्हरी चॅपलचे पाळक चक स्मिथ यांनी या लांब केसांच्या, अनवाणी पोरांना आत घेतले. त्यांच्या मळक्या पायांनी नवा गालिचा खराब होतो अशी तक्रार आली, तेव्हा मग गालिचाच काढून टाकू, असे स्मिथ म्हणाल्याचे सांगतात. या पोरांनी येताना आपली गाणीही आणली. लव्ह साँग हा त्यांच्यातला पहिला नावाजलेला बँड. १९७१मध्ये कॅल्व्हरी चॅपलने मारानाथा म्युझिक ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली आणि त्याच वर्षी जूनमध्ये टाइम साप्ताहिकाने या येशू-चळवळीवर मुखपृष्ठ केले. त्याआधी १९६९मध्ये लॅरी नॉर्मन या गायकाने कॅपिटल रेकॉर्ड्ससाठी केलेली तबकडी ख्रिस्ती रॉकची पहिली तबकडी मानतात. नॉर्मनचा सूर उपहासाचा होता. चांगले संगीत सगळे सैतानालाच का सोडायचे, असा त्याचा सवाल होता, आणि चर्चमधल्या सुखवस्तू लोकांनाही तो सोडत नसे.

१९७२च्या जूनमध्ये टेक्सासमधल्या डॅलस शहरात एक्स्प्लो नावाचा आठवडाभराचा मेळावा भरला. शेवटच्या दिवशीच्या उघड्या मैदानातल्या संगीतसभेला एक ते दोन लाख लोक होते असा अंदाज आहे. जॉनी कॅश गायला, लॅरी नॉर्मन गायला, लव्ह साँगही होते. बिली ग्रॅहॅम यांनी प्रवचन केले. पाच-सहा वर्षांपूर्वी ज्या संगीताला सैतानाचे म्हणत, त्यालाच देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित धर्मोपदेशकाचा मंच मिळाला. तोवर हे गायक कॉफीघरांत, कॉलेजांत, चर्चच्या तळघरांत फुकट गात आणि शेवटी झोळी फिरे. मैदान भरू लागले तसा झोळीने भागेना.

या वळणावर कीथ ग्रीनचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९५३मध्ये जन्मलेला हा पियानोवादक लहान वयातच एका मोठ्या कंपनीशी करारबद्ध झाला होता आणि बालतारा होता होता राहिला. १९७५च्या सुमारास तो ख्रिस्ती झाला. लॉस एंजेलिसजवळच्या त्याच्या घरात व्यसनी, बेघर, एकट्या पडलेल्या बायका अशी माणसे राहू लागली. शेजारची घरे घ्यावी लागली. त्याच्या सभेत गाणे कमी आणि खरडपट्टी जास्त असे. आलेले लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात आणि तसे वागत नाहीत, हा त्याचा कायमचा विषय. १९७९मध्ये त्याने आपल्या ध्वनिमुद्रण कंपनीकडे करारातून मोकळे करण्याची विनंती केली, कारण देवाचा निरोप विकणे त्याला पटेना. कंपनीच्या मालकानेही ते मान्य केले. त्यानंतरच्या तबकडीसाठी ग्रीन दांपत्याने घर गहाण टाकले आणि तबकडी, ज्याला जे परवडेल त्या किमतीला, काहीच परवडत नसेल तर फुकट, टपालाने पाठवायला सुरुवात केली. मे १९८२पर्यंत दोन लाखांहून जास्त प्रती गेल्या, त्यांतल्या सुमारे ६१ हजार फुकट. कार्यक्रमांना तिकीट नव्हते. त्याच वर्षी २८ जुलैला टेक्सासमध्ये छोट्या विमानाला अपघात होऊन ग्रीन आणि त्याची दोन मुले मरण पावली. वय अवघे २८.

ग्रीनचा मार्ग इतरांनी का घेतला नाही, याचे उत्तर त्याच्या हिशेबातच आहे. लोकांनी स्वखुशीने पाठवलेल्या पैशांवर एक माणूस, एक पियानो आणि एक छापखाना चालू शकतो. पाच जणांचा बँड, दोन बसगाड्या, तीन ट्रक आणि वीस-पंचवीस माणसांचा ताफा त्यावर चालत नाही. शिवाय ग्रीनकडे लोकांना अपमान सहन करायला लावणारे विलक्षण व्यक्तिमत्त्व होते, आणि ते दर वर्षी नव्या गायकात सापडत नाही.

१९८०च्या दशकात हा व्यवसाय टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहराभोवती स्थिरावला. वर्ड, स्पॅरो यांसारख्या कंपन्या, ख्रिस्ती पुस्तकांची साखळी दुकाने, स्वतंत्र रेडिओ केंद्रे आणि डव्ह पुरस्कार असे समांतर जग तयार झाले. सांसारिक जगात जे जे होते त्याची ख्रिस्ती आवृत्ती निघाली : मेटल हवे असेल तर मेटल, रॅप हवे तर रॅप. कॅलिफोर्नियाचा स्ट्रायपर हा बँड पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे घट्ट कपडे घालून, केस फुगवून वाजवी आणि कार्यक्रमात नव्या कराराच्या प्रती गर्दीत फेकी. टीव्हीवरचे धर्मोपदेशक जिमी स्वॅगर्ट यांना हा पवित्र ग्रंथाचा अवमान वाटला; १९८७मध्ये त्यांनी ख्रिस्ती रॉकविरुद्ध पुस्तकच लिहिले. हे स्वॅगर्ट रॉक अँड रोलच्या आद्य धटिंगणांपैकी एक असलेल्या जेरी ली लुईसचे जवळच्या नात्यातले भाऊ. दोघे लुईझियानातल्या एकाच छोट्या गावात, एकाच पेंटेकोस्टल चर्चमध्ये पियानो बडवायला शिकले. पुस्तक निघाल्यावर वर्षभरातच स्वॅगर्ट स्वतः वेश्यागमनाच्या प्रकरणात अडकले.

लुईसच्या नावाने आणखी एक गोष्ट पुढे येते, आणि ख्रिस्ती पॉपवरच्या लेखनात ती बहुधा घाईने उरकली जाते. चर्चमधून बाहेर काढलेल्या ज्या संगीताला परत चर्चमध्ये आणण्याची ही खटपट होती, ते मुळात चर्चमधूनच निघाले होते. सिस्टर रोझेटा थार्प १९३०-४०च्या दशकांत इलेक्ट्रिक गिटार घेऊन भक्तिगीते गात होत्या. लिटल रिचर्ड आणि एल्विस प्रेस्ली दोघेही पेंटेकोस्टल गाण्यांवर वाढले. काळ्या गॉस्पेल गायकांचे दौरे नॅशव्हिलच्या कितीतरी आधीचे आहेत. पण बाजार निराळे राहिले, पुरस्कार निराळे राहिले, श्रोतेही निराळे राहिले. आंद्रे क्राउच यांच्यासारखा एखादा गायक दोन्हीकडे चालला. येशू-चळवळीच्या मंचावर ते गायले आणि गोऱ्या चर्चच्या गीतपुस्तकांतही गेले. असे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ‘ख्रिस्ती पॉप’ या नावात ‘गोऱ्यांचे’ हा शब्द लिहिलेला नसतो, एवढेच.

या जगाच्या कुंपणाला पहिली मोठी फट पाडली एमी ग्रँटने. १९८२च्या तिच्या तबकडीने ख्रिस्ती संगीतात खपाचा विक्रम केला आणि १९९१मध्ये तिचे एक गाणे बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. ते तिला आपल्या तान्ह्या मुलीवरून सुचले होते. व्हिडिओत मात्र तिच्यासोबत एक देखणा नट होता आणि देवाचे नाव कुठेच नव्हते. चाहत्यांपैकी काहींना हा विश्वासघात वाटला. ख्रिस्ती गाण्यात प्रभूचे नाव किती वेळा यावे, याची चेष्टेने मोजदाद होत असे, पण चेष्टेमागे खरा पेच होता. संगीताचे अभ्यासक जे हॉवर्ड आणि जॉन स्ट्रेक यांनी १९९९च्या आपल्या पुस्तकात या पेचाच्या तीन बाजू मांडल्या : काहींना संगीत हे प्रचाराचे साधन वाटते, काहींना ख्रिस्ती माणसाने सभ्य मनोरंजन दिले तरी पुरे वाटते, तर काहींच्या मते कलेने आधी खरे बोलावे आणि तेवढ्यानेच देवाचे काम होते. ग्रँट दुसऱ्या गटातली. १९९९मध्ये तिचा घटस्फोट झाला तेव्हा काही ख्रिस्ती रेडिओ केंद्रांनी तिची गाणी वाजवणे थांबवले. गाण्यात काही बदलले नव्हते, पण श्रोते गाण्याबरोबर गायिकेचा संसारही विकत घेत होते.

पैसे मोजून येणारे हे लोक कोण, हा दुसरा प्रश्न इथे येतो. बँडच्या जाहीर उद्देशात अविश्वासी तरुण असतो : व्यसनात अडकलेला, चर्चचे तोंड न पाहिलेला, मित्राच्या आग्रहाने आलेला. असे तरुण येतातही आणि काहींचे आयुष्य तिथे खरोखर बदलते. पण सभागृह त्यांनी भरत नाही. ते भरते चर्चच्या व्हॅनमधून आलेल्या युवकगटांनी, मुलांना घेऊन आलेल्या आयांनी, रविवारी याच गाण्यांवर हात उंचावणाऱ्या कुटुंबांनी. ख्रिस्ती रेडिओच्या धंद्यात बेकी नावाची एक काल्पनिक श्रोती प्रसिद्ध आहे : उपनगरात राहणारी, तिशी-चाळिशीची, मुलांना गाडीतून शाळेत सोडणारी आई. गाणे वाजवायचे की नाही हे बेकीला विचारून ठरते. १९८२मध्ये कॅलिफोर्नियातून सुरू झालेले आणि आज देशभर शेकडो केंद्रे असलेले के-लव्ह हे जाळे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालते. देणगी देणाऱ्या आईला मुलांसमोर लाज वाटेल असे काही त्यावर लागत नाही. लॅरी नॉर्मनचा उपहास किंवा कीथ ग्रीनची खरडपट्टी या छाननीतून पार पडली असती का, याची शंकाच आहे. दौऱ्यावरच्या बँडचे खरे काम म्हणूनच धर्मप्रसार कमी आणि आधीच विश्वास ठेवणाऱ्यांना धीर देणे जास्त, असे झाले आहे. हे काम हलके नव्हे. मूल गमावलेली बाई, नोकरी गेलेला बाप, किमोथेरपीच्या मध्ये आलेला पेशंट या माणसांना त्या दोन तासांत जे मिळते त्याला दुसरे दुकान नाही. फक्त बँडने भिंतीवर लावलेला फलक आणि आत चाललेले काम यांत फरक आहे, आणि तो मान्य करायला बँड सहसा तयार नसतात.

तो मान्य करून त्यावर आपली व्यवस्था उभी करणारा बँड म्हणजे कास्टिंग क्राउन्स. १९९९मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथे एका चर्चच्या युवकगटातून तो निघाला आणि पुढे जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळ स्थिरावला. मुख्य गायक मार्क हॉल हा व्यवसायाने युवकांचा पाळक. मॅक्डोनो गावातल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये तो काम करी. २००३मध्ये त्यांची पहिली व्यावसायिक तबकडी आली आणि दहा लाखांच्या वर खपली. एवढे यश मिळाल्यावर बँड एरवी महिनोन्‌महिने रस्त्यावर राहतात. यांनी दौरे गुरुवार ते शनिवार असे बांधले : शनिवारी रात्री कार्यक्रम संपवून बस घराकडे वळवायची, रविवारी आपल्या चर्चमध्ये हजर राहायचे आणि आठवड्याच्या मध्ये शाळकरी मुलांचा वर्ग घ्यायचा. हॉलची गाणी बरीचशी या वर्गातूनच आली. मुलांना एखादा पाठ शिकवायचा आणि त्याचेच गाणे करायचे, अशी त्याची रीत. त्यामुळे त्या गाण्यांत चर्चबाहेरच्या माणसाला बोलावण्यापेक्षा आतल्या माणसाला जाब विचारणे जास्त दिसते : मंडळी स्वतःला ख्रिस्ताचे शरीर म्हणवते, मग त्याचे हात पोहोचत का नाहीत? याच बँडला २००७ आणि २००९मध्ये उत्तर कोरियाच्या राजधानीतल्या वसंतोत्सवात गायचे निमंत्रण आले, आणि ते गेलेही. तिथे आवाहन करून हात वर करायला सांगणे शक्यच नव्हते.

मध्यंतरातल्या आवाहनाची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण आज दौऱ्याचे अर्थकारण बऱ्याच अंशी तिथे अडकले आहे. वर्ल्ड व्हिजन (स्थापना १९५०) आणि कम्पॅशन इंटरनॅशनल (१९५२) या संस्था कोरियन युद्धाच्या काळात अनाथ मुलांसाठी उभ्या राहिल्या. एका दात्याने एका मुलाचा खर्च महिन्याच्या महिन्याला उचलायचा, ही त्यांची पद्धत. २०१०च्या दशकात कम्पॅशनचा दर महिना ३८ डॉलर होता. कार्यक्रमाच्या मध्यावर गायक आपण अशा एखाद्या मुलाला भेटायला गेलो होतो त्याची हकिगत सांगतो, पडद्यावर चित्रफीत लागते आणि स्वयंसेवक हातात पाकिटांचे गठ्ठे घेऊन रांगांमधून फिरतात. पाकिटावर मुलाचा फोटो, नाव, वय, देश. ज्याला घ्यायचे त्याने हात वर करावा. पाकीट घेऊन नंतर विचार बदलला तर ते परत द्यायची विनंती असते, कारण त्या मुलाचे तेवढे एकच पाकीट असते आणि ते कुणाच्या पर्समध्ये विसरले तर ते मूल तात्पुरते कुणाच्याच समोर येत नाही. या संस्था दौऱ्यांना पैसा पुरवतात, काही करारांत तर मिळालेल्या दात्यांच्या संख्येवर. गरिबांच्या नावाने चाललेल्या या आवाहनात बँडचाही वाटा असतो, हे श्रोत्यांपैकी पुष्कळांना ठाऊक नसते. दुसऱ्या बाजूने, हा पैसा नसता तर तिकीट दुप्पट झाले असते किंवा बस निघालीच नसती. न्यूसाँग या बँडने १९९५पासून चालवलेला विंटर जॅम हा हिवाळी दौरा याच बळावर तिकिटाशिवाय चालला : दारावर दहा डॉलर देणगी टाकायची आणि दहा-दहा गायक ऐकायचे. काही वर्षी पहिल्या तिमाहीतल्या उपस्थितीच्या जागतिक यादीत त्याने नामांकित रॉक बँडना मागे टाकले.

या पाकिटांपैकी बरीच भारतातली असत. कम्पॅशन भारतात १९६८पासून काम करत होती आणि सुमारे दीड लाख भारतीय मुले तिच्या यादीत होती. परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली २०१६मध्ये केंद्र सरकारने तिच्या पैशांवर पूर्वपरवानगीची अट घातली. मदतीच्या आडून धर्मांतर होते हा आक्षेप होता, आणि संस्थेने तो नाकारला. मार्च २०१७मध्ये तिने भारतातले काम बंद केले. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावी गाणे ऐकता ऐकता ज्यांनी पाकीट उचलले होते, त्यांना आपल्या मुलाला शेवटचे पत्र लिहायला सांगण्यात आले. दिल्लीतल्या फायलीवरचा एक शेरा आणि ओहायोतल्या सभागृहातले मध्यंतर यांचा असा थेट संबंध होता.

१९९०च्या दशकाच्या अखेरीपासून दौऱ्यांचे रूप आणखी एका कारणाने पालटले. सिडनीचे हिल्सॉन्ग चर्च आणि अमेरिकेतल्या पॅशन परिषदा यांनी सगळ्यांनी मिळून गायची उपासनागीते लोकप्रिय केली. १९८८मध्ये सुरू झालेल्या सीसीएलआय या परवाना संस्थेमुळे चर्चने ती गाणी पडद्यावर दाखवली की गीतकाराला मानधन मिळू लागले. वर्गणी चर्चमधल्या माणसांच्या संख्येवर ठरते. रेडिओवर गाजलेले गाणे फार तर दोन वर्षे टिकते, पण रविवारी गायले जाणारे गाणे वीस वर्षे उत्पन्न देते. गायकांचा ओढा तिकडे गेला नसता तरच नवल. त्याबरोबर श्रोतेही बदलले. आता ते ऐकायला येत नाहीत, पाठ असलेले गायला येतात, आणि गायक बऱ्याचदा माइक त्यांच्याकडे वळवून गप्प उभा राहतो. मुंबई-पुण्याच्या इंग्रजी उपासनांतही हीच गाणी म्हटली जातात. मराठी उपासनेत टिळकांची पदे अजून हटलेली नाहीत.

इतक्या साक्षींवर चालणाऱ्या व्यवसायात गायकाची श्रद्धा हेच भांडवल असते, आणि ती डळमळली तर काय, याची सोय कुठल्याही करारात नसते. कॅनडाच्या हॉक नेल्सन बँडचा गायक जॉन स्टाइनगार्ड हा पाळकाचा मुलगा. आपला आता देवावर विश्वास उरलेला नाही, असे त्याने मे २०२०मध्ये जाहीर केले. हे सांगायला किती भीती वाटली, उपजीविका आणि नाती सगळी याच एका गोष्टीवर कशी उभी होती, हेही त्याने सांगितले. न्यूजबॉइज या ऑस्ट्रेलियात १९८५मध्ये निघालेल्या आणि अमेरिकेत नावारूपाला आलेल्या बँडची हकिगत याहून कडवट आहे. २००९पासून त्याचा मुख्य गायक असलेला मायकेल टेट जानेवारी २०२५मध्ये बाहेर पडला. जूनमध्ये त्याने अमली पदार्थांचे व्यसन, दारू आणि पुरुषांना त्यांच्या इच्छेविरुद्ध केलेले लैंगिक स्पर्श यांची लेखी कबुली दिली. वर्षानुवर्षे दुहेरी आयुष्य जगत होतो, असे त्याने स्वतःच म्हटले. चर्चमध्ये पाळकावर पंचांची नजर असते, बसमध्ये कुणाची? महिन्याला पंधरा गावे फिरणारा सेवक कुठल्याच एका मंडळीला उत्तर देत नाही. कास्टिंग क्राउन्सच्या गुरुवार-ते-शनिवार रिवाजाचा हा एक फायदा फारसा बोलला जात नाही.

२०२०च्या कोविडमुळे वर्षभर बस उभ्या राहिल्या. त्याआधीच २०१७ आणि २०१९मध्ये ख्रिस्ती पुस्तकांच्या दोन मोठ्या साखळ्यांची दुकाने बंद झाली होती आणि सीडीचा धंदा बसला होता. नव्या पिढीतला फॉरेस्ट फ्रँक हा सांसारिक पॉपमधून आलेला. तो मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींतून घराघरांत पोहोचला. २०२५मध्ये त्याचे आणि ब्रँडन लेकचे गाणे बिलबोर्डच्या मुख्य शंभरांच्या यादीत एकाच वेळी होते; ख्रिस्ती संगीतात असे अनेक वर्षांत घडले नव्हते. पण स्ट्रीमिंगचे पैसे तुटपुंजे, म्हणून दौऱ्याचे महत्त्व उलट वाढले आहे. साउंडचेकचे महागडे तिकीट आता बहुतेक बँडकडे असते. पाकिटांच्या गठ्ठ्यांची जागा पडद्यावरचा कोड घेऊ लागला आहे : तो मोबाइलवर टिपायचा, मूल निवडायचे आणि कार्डाचा क्रमांक तिथेच भरायचा. येशूचा स्वीकार करणाऱ्याने भरायचा कागदही काही ठिकाणी असाच मोबाइलवर आला आहे. त्यातली नावे गावातल्या चर्चकडे जातात, आणि पुढच्या आठवड्यात त्या माणसाला फोन करायचे काम बँडकडे नसते, चर्चच्या स्वयंसेवकाकडे असते.